स्टॅच्यू!

परवा लिनक्सच्या आज्ञा शिकता शिकता मी भलत्याच प्रक्रियेला 'किल -स्टॉप' दिला. ती निघाली एक्सऑर्ग, म्हणजे अख्खा पडदा सांभाळणारी! माउसचा बाण थिजला, कळफलक मुका झाला. चार पानी लेख सेव्ह करायचा राहिलेला. पुतण्याला फोन केला, तर म्हणतो, "काका, बटण दाबून बंद करा."

का म्हणून? 'स्टॅच्यू' म्हटल्यावर पोरे मरत नाहीत, 'ओव्हर'ची वाट पाहतात. इथले ओव्हर म्हणजे 'किल -कॉन्ट'. पण ते टंकायचे कुठे? कळफलक एक्सऑर्गच्या ताब्यात, आणि थांबलेली तीच.

यावर कर्नलमध्येच सोय आहे: ऑल्ट, सिसआरक्यू (म्हणजे प्रिंट स्क्रीनची कळ) आणि आर. कळफलक एक्सऑर्गच्या हातून सुटतो. पडदा सुटेलच असे नाही. त्यालाही तिचीच संमती लागते. मी दाबून पाहिले. काहीच नाही! बऱ्याच लिनक्समध्ये ही सोय मुळात बंदच ठेवून देतात. कारण काय, तर येणारा-जाणारा कुलूपबंद पडदा मोडेल. सायबर कॅफेत ठीक आहे हो, पण माझ्या टेबलाशी कोण येणार? बसवतानाच मालकाला विचारा ना!

शेवटी सुनेच्या लॅपटॉपवरून एसएसएचने आत शिरलो, 'किल -कॉन्ट' दिले. लेख जसाच्या तसा!

मग 'कर्नल.सिसआरक्यू'चा आकडा पाहिला: १७६. त्यात कळफलकाचे ४ मिळवून १८० केले. पुतण्याला कळवले आहे: थांबलेल्याला आधी हाक मारावी, गळा दाबू नये.