पोराला कॉम्प्युटर घेऊ का?



दहावीचा निकाल लागला की आमच्या गट ऑफिसात ऊस नोंदीपेक्षा अकरावीचीच चौकशी जास्त. "साहेब, पोराला कॉम्प्युटर घेऊ का?" आम्ही पडलो शेतकी डिप्लोमावाले. तरी विचारता म्हणून सांगतो, घ्या. पण बघून घ्या.

अकरावी-बारावी सायन्सला संगणकशास्त्र हा २०० गुणांचा बायफोकल विषय. तो घेतला की दुसरी भाषा आणि बहुधा जीवशास्त्र सुटते. एमएस-सीआयटी झाली म्हणजे हा सोपा, ही समजूत खोटी. २००१ साली सुरू झालेला तो कोर्स संगणक वापरायला शिकवतो. इथे संगणकाला काम पायरी-पायरीने आखून द्यायचे असते. आपल्या काट्यावर भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होऊन पावती निघते. ती वजाबाकी यंत्राला कुणीतरी सांगितलेली असते. ते समजणारे पोर घरात असले तर काट्याबद्दल पारावर कुजबुजावे लागणार नाही!

मात्र निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे. आमच्या पाहण्यातल्या एका कॉलेजात मशीन कुलुपात, आणि मुली प्रोग्राम वहीत उतरवून पाठ करीत बसलेल्या. नुसते पत्रक वाचून बेणेप्रक्रिया होते काय? तेव्हा फी भरण्याआधी प्रयोगशाळा उघडायला लावा. किती मशीन चालू आहेत, शिक्षक आहेत का, हे लाज न धरता विचारा.

हंगाम संपला की काटा मोकळाच असतो. तो या मुलामुलींना आतून दाखवावा, अशी आमची संचालक मंडळाला विनंती आहे.