लिंबांसाठी तीन दरपत्रके

‘स्वयंपाकघरातील रसायनशास्त्र’ या उपक्रमाबाबत एका जिल्ह्यातील शाळांना गेलेल्या परिपत्रकाच्या प्रती काही वाचकांनी आमच्याकडे पाठवल्या आहेत. साहित्य जीएसटी बिलावरच घ्यायचे, तीन दरपत्रके जोडायची, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे आणि प्रत्येक प्रयोगाचे जिओ-टॅग छायाचित्र त्याच दिवशी अपलोड करायचे. साहित्य कोणते? लिंबू, हळद, चुना, जास्वंद. ताज्या फळभाज्यांवर जीएसटीच नाही, हे लेखाविभागाला कोणी सांगायचे? आठवडी बाजारातल्या मावशींनी तीन दरपत्रके लिहून द्यायची काय? शाळेच्याच कुंपणावरची जास्वंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत कुठे लिहू, असे एका शिक्षिकेने विचारले, तेव्हा ‘देणगी म्हणून दाखवा’ असे उत्तर मिळाले. धन्य!

कागदांचे ओझे आपण एक वेळ वाहून नेऊ. खरा घात करते ती छायाचित्राची अट. फोटोत उठून दिसेल तोच प्रयोग मग निवडला जातो, आणि तो ठरलेला आहे: मातीचा डोंगर, आत खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर, लाल रंगाचा फेस. मुले टाळ्या वाजवतात, केंद्रप्रमुख खूश होतात, रसायनशास्त्र मात्र डोंगरातच राहते. तेच मिश्रण साध्या पेल्यात करून मुलांना पेल्याला हात लावायला सांगा. पेला गार लागतो. अभिक्रिया म्हणजे उष्णता, हे मुलांनी गृहीत धरलेले असते. ते इथे मोडते. निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते. पण थंडपणाचा फोटो निघत नाही, म्हणून तो अहवालात नाही.

हळदीच्या कागदाचेही तेच. ‘प्रयोग जमत नाही’ अशी पत्रे दरवर्षी येतात, आणि बहुतेकांनी खाण्याचा सोडा वापरलेला असतो. त्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास. हळद साधारण ७.४ ते ८.६ या पट्ट्यात रंग पालटते. मग रंग अर्धवट येणारच. धुण्याचा सोडा किंवा चुना घ्या, कागद चटकन लालसर तपकिरी होईल. हळद-चुन्यापासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. लिंबाच्या रसाने पिवळा कागद पिवळाच राहतो, तेव्हा ‘लिंबात आम्ल नाही’ असा निष्कर्ष एखादा मुलगा काढतोच. त्याला गप्प बसवू नका. लाल झालेल्या कागदावर लिंबू पिळायला सांगा आणि नंतर जास्वंदीच्या अर्कात तोच रस टाकून बघायला सांगा. हळद आम्ल ओळखत नाही, जास्वंद दोन्ही ओळखते. दर्शक निवडावा लागतो, हा धडा त्या चुकीच्या निष्कर्षाशिवाय मिळत नाही.

सुरक्षिततेबद्दल परिपत्रकात एकच ओळ आहे: ‘योग्य ती काळजी घ्यावी.’ कोणती? चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते, म्हणून मुलांच्या हाती फक्त निवळी द्यावी आणि कळीचा चुना वर्गात आणूच नये. सोडा-व्हिनेगरच्या बाटलीला बूच लावू नये. घरी प्रयोग सांगताना न्हाणीघर वर्ज्य, हे बजावावे. ब्लीच आणि संडास साफ करायचे आम्लयुक्त द्रावण एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दरपत्रकांच्या नमुन्याला अख्खे पान देणाऱ्यांना या चार वाक्यांपुरती जागा सापडली नाही.

आता आपल्यातल्यांबद्दल. अधिकाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण आमच्याकडे आलेल्या प्रयोगवृत्तांतांतही डोंगरच डोंगर आहेत. तेच शब्द, तोच फेस. शिक्षकहो, हे थांबवा. पुढच्या अंकासाठी ज्वालामुखीचा एकही फोटो पाठवू नका, छापणार नाही. आमसुलाच्या पाण्यात पापडखार टाकल्यावर काय दिसले, तुमच्या गावच्या विहिरीच्या पाण्याने जास्वंदीचा रंग बदलला का, ते मुलांच्या अक्षरात, खाडाखोडीसकट पाठवा. बिल जोडण्याची गरज नाही.