पहिल्या नगाचा पंचनामा

शेतकऱ्यांच्या संस्था आपल्या सभासदांकरितां पेरणीयंत्रें कारखान्याकडून एकदम करवून घेतात, ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु पहिला नग तयार होतांच त्यास हार घालावा, नारळ फोडावा आणि बाकीच्या नगांस संमति द्यावी, ही जी रीत पडत चालली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं. पहिला नग परीक्षेकरितां असतो. पूजा मागाहून करितां येते.

एका संस्थेचें उदाहरण आमच्या माहितींतील आहे. तेथील यंत्रांत दोन फणांमधील अंतर ४५ सेंटिमीटरांऐवजीं ४० पडलें होतें. एवढा फरक नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. सोयाबीन उत्तम उगवलें, आणि कोळपें घालतांच त्या ओळींतील रोपें मुळासकट वर आलीं! चूक सांच्यांतच असल्यामुळें ती प्रत्येक यंत्रांत उतरली होती. कारखानदार म्हणाला, नग दाखविला तेव्हां कोणीं हरकत घेतली नाहीं. आणि तें खरेंच होतें.

महसुली दप्तरांत जन्म गेलेल्या आमच्यासारख्यांस येथें मोजणीची जुनी साखळी आठवते. ती ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. साखळी अर्धा फूट आंखूड निघाली तर एकरीं सुमारें सव्वा गुंठ्याचा घोळ होतो, आणि तो साऱ्या गावभर पसरतो. म्हणून साखळी आधीं तपासावयाची, शेत मागाहून.

यंत्राची परीक्षा अवघड नाहीं. पांच फणांच्या यंत्राची रुंदी सव्वादोन मीटर होते. चाकाचा घेर दीड मीटर असल्यास २० फेऱ्यांत साडेसदुसष्ट चौरस मीटर जमीन पेरली जाते. एकरीं ३० किलो सोयाबीन पाहिजे, तर चाक अधांतरीं उचलून हातानें २० फेरे दिल्यावर नळ्यांखालीं बांधलेल्या पांच पिशव्यांत मिळून ५०० ग्रॅम बीं पडलें पाहिजे, आणि प्रत्येकींत जवळजवळ सारखें. सोयाबीनचें टरफल नाजूक. दाणे फुटले आहेत काय, हेंही पाहावें. मग यंत्र ओलाव्याच्या जमिनींत चालवावें, कारण तेथें चाक घसरतें व हिशेब बदलतो. बीं पांच सेंटिमीटरांहून खोल जातां कामा नये. या वेळीं संचालकांबरोबर स्वतः पेरणारे दोघे-तिघे सभासद हजर पाहिजेत.

विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते म्हणून लोक तो घेईनात. ती शंका खुळी खरी. पण नव्या रंगावर आज आपण जो विश्वास टाकतों, तो तीहून शहाणा आहे काय?

सर्व मापें कागदावर लिहून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्या, व पसंत झालेला नग शेवटचें यंत्र ताब्यांत येईपर्यंत संस्थेच्या आवारांत ठेवावा. सांचा किंवा बियाण्याची तबकडी बदलली, तर परीक्षा पुन्हा घ्यावी. कारखानदार वेळेची सबब सांगतील. मृगाच्या तोंडावर मागणी दिल्यास ती सबब रास्तच आहे. मागणी माघांत द्यावी. मागणीपत्रांत हें कलम घालण्याची सूचना आम्ही येत्या वार्षिक सभेकडे लिहून पाठविली आहे. सभासदांनीं तीस अनुमोदन द्यावें, ही विनंती.