पत्रा आणि कोपर

आमच्या इंदूरच्या जुन्या वस्तीतील गल्ल्या टांग्यांच्या काळातल्या. त्यांतून मोटार मागे घेणे ही एक कसरतच असते. गेल्या महिन्यात आमच्या एका निवृत्त स्नेह्यांची गाडी अशीच मागे येताना विजेच्या खांबाला घासली. बंपर फुटला, दाराला पोचा आला. त्याच क्षणी सायकलवरून दूध घालणारा एक मुलगा धक्का लागून पडला व त्याचे कोपर सोलवटले. "कुछ नहीं हुआ, बाबूजी," म्हणत तो बरणी सावरून निघूनही गेला.

सायंकाळी आमच्या ओसरीवर मसलत बसली. विमा कंपनीला कळवावे की नाही? वहिनींचा सवाल रोकडा होता : "मग दरवर्षी पैसे भरतो ते कशाला?" चिरंजीवांचे मत नेमके उलट.

आणि हिशेब चिरंजीवांच्याच बाजूचा निघाला. दुरुस्तीचा अंदाज नऊ हजारांचा; त्यात बंपरचे पाच. प्लॅस्टिकच्या भागांवर साध्या पॉलिसीत निम्मी घट धरतात. रंगसाहित्यावरही काही कापतात, आणि लहान गाडीला पहिले एक हजार मालकानेच सोसायचे असतात. म्हणजे हाती येणार सुमारे पाच हजार. उलटपक्षी, पाच वर्षे भरपाई न मागितल्यामुळे स्नेह्यांना स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सवलत होती. आठ हजारांऐवजी ते चारच भरीत. एकदा भरपाई घेतली की ही सवलत शून्यावर येते आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढून पुन्हा पन्नाशी गाठावी लागते. मूळ हप्ता तोच धरला तर तेवढ्या काळात दहा हजार जादा जातात. सवलत राखणारे जादा संरक्षण ज्यांनी घेतले असेल त्यांची गोष्ट निराळी. स्नेह्यांनी ते घेतले नव्हते. गॅरेजवाल्याने तर जुना ओरखडाही यातच 'बसवून' देण्याची तयारी दाखविली होती. ही सूचना स्नेह्यांनी तिथल्या तिथे झिडकारली, याचा आम्हांस आनंद वाटला.

परंतु तासभर चाललेल्या या चर्चेत त्या मुलाचे नावही निघाले नाही, हे आम्हांस खटकले. पत्रा आपला, पैसा आपला. तेथे कळवावे न कळवावे हा निव्वळ त्रैराशिकाचा प्रश्न. माणसाला इजा झाली की त्रैराशिक संपते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम चालकावर जखमीस उपचार मिळवून देण्याची, पोलिसांना खबर देण्याची आणि विमा कंपनीस लेखी कळविण्याचीही जबाबदारी टाकते. पोर "काही झाले नाही" म्हणाले, ते कामावर उशीर होईल या भयाने की खरोखरच, हे कोणी विचारले होते? शिवाय उद्या हाड दुखावल्याचे निघाले तर त्याच्या हक्काच्या भरपाईची वाट त्या विम्यातूनच जाते. कळविणे वेगळे आणि आपल्या बंपरसाठी पैसे मागणे वेगळे, एवढे आम्ही बोललो.

स्नेही गप्प झाले. वहिनी मात्र उठल्या आणि म्हणाल्या, "तो पहाटे साडेपाचला कोपऱ्यावरच्या डेअरीत येतो. मी ओळखते त्याला."

दुसऱ्या दिवशी कोपराचा एक्स-रे निघाला. हाड शाबूत होते. तेथूनच स्नेही पोलीस ठाण्यात गेले आणि कंपनीलाही पत्र गेले : तारीख, वेळ, जागा, मुलाचे नाव, आणि खाली एक ओळ, 'स्वतःच्या गाडीसाठी भरपाई मागत नाही.' बंपर त्यांनी पदरच्या पैशाने बसविला. दाराचा पोचा अजून तसाच आहे.