कोथिंबिरीला सल्ला नको, पाणी हवे!



कोथिंबीर कशी पिकवावी हे आम्हाला शिकवणारे पुष्कळ आहेत. धने रगडून फोडा, रात्रभर भिजवा, सपाट वाफ्यात पेरा, हेक्टरी ६ ते ८ टन शेणखत घाला, २०-२५ दिवसांनी ४० किलो नत्र द्या, हलके पाणी वेळेवर द्या. सल्ला खोटा नाही. पण 'वेळेवर पाणी' हे आमच्या हातात ठेवले आहे कोणी?

कोथिंबीर म्हणजे ४०-४५ दिवसांचा खेळ. मुळी उथळ. उन्हाळ्यात एक पाळी चुकली की पाला पिवळा पडतो, पीक फुलावर येते, जुडी बांधण्याजोगी राहत नाही. कोरड्या वाफ्यात युरिया फेकणे म्हणजे तहानलेल्याला मीठ चारणे. पाणी असताना युरिया जास्त झाला, तर माल लुसलुशीत दिसतो आणि बाजारात पोचेपर्यंत सडतो. दोन्हीकडून फायदा खतवाल्याचाच.

मावळात पाऊस कमी आहे काय? लोणावळ्याच्या धरणांत साठलेला पाऊस १९१५ पासून खोपोलीला उतरून मुंबईचे दिवे लावतो. पवना धरणात जमिनी आमच्या बुडाल्या, पाणी पिंपरी-चिंचवडला. ते नदीतून वाहते म्हणून तरी काठचे पंप चालतात. तेच पाणी बंद नळात घालायचे ठरले, तेव्हा मावळ रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघांचा बळी गेला. त्यात एक माऊली होती.

शहराने तहानलेले राहावे असे आम्ही म्हणत नाही. पण शहराच्या आमटीवर कोथिंबीर हवी आणि तिच्या मुळाशी पाणी नको, हा कुठला न्याय?

आमची मागणी साधी आहे. उन्हाळी पेऱ्याआधी नदीत पाणी किती व केव्हा सोडणार, ते गावाच्या चावडीवर लिहून लावा. मग किती वाफे पेरायचे ते आम्ही ठरवू. तोवर भावांनो, सगळे रान एकदम पेरू नका. आठ-आठ दिवसांनी थोडे थोडे पेरा. शेणखतात हात आखडू नका, युरियात सैल सोडू नका.

खताचा हिशेब आम्ही ठेवतो. पाण्याचा हिशेब सरकारने द्यावा!