ब्रेक मालकाचे, कोठडी चालकाची

घाटात ट्रक उलटला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य ठरलेले असते : ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. गाडी कोणाची होती, तिचे ब्रेक लाइनर शेवटचे कधी बदलले होते, हे त्या बातमीत सहसा नसते.

आपण इंदूरची मराठी मंडळी लग्नकार्याला, कुलदैवताला, आजोळी जातो ती बहुधा आग्रा-मुंबई रस्त्यानेच. माळव्याचे पठार संपून निमाडात उतरताना धामनोदच्या अलीकडे गणपती घाट लागतो. ब्रेक न लागलेले ट्रक इथे दुभाजक ओलांडून समोरून चढणाऱ्या गाड्यांवर आदळत, पेट घेत. कित्येक वर्षे हे चालले. २०२४ च्या अखेरीस तिथे कमी उताराचा नवा रस्ता खुला झाला, ते उत्तमच झाले. पण रस्ता बदलल्याने गाडी सुधारत नाही. तीच गाडी पुढे बिजासनच्या घाटात उतरते, कसाऱ्यात उतरते.

जड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन चालू असेल तोवरच कंप्रेसर टाकीत हवा भरतो. पाइप झिजला, सांधा सैल झाला की दाब टिकत नाही. त्यात लाइनर गुळगुळीत झालेले, वर मापाबाहेरचा माल. लांब उतरणीवर ड्रम तापतात आणि पेडल तळाला टेकले तरी गाडी धावतच राहते. हे सर्वांत आधी कळते ते चालकालाच. तो निघण्यापूर्वी सांगतोही. मुनीम म्हणतो, ‘ही खेप टाकून ये, मग बघू.’ नाही म्हटले तर चावी दुसऱ्याच्या हातात जाते, आणि त्या दुसऱ्यालाही घर चालवायचेच असते.

कोणी म्हणेल, चालक उतारावर इंजिन बंद करतात, त्याचे काय? करतात, आणि ते भयंकर आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने चाळीसहून अधिक वाहने ठोकरली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते असेच पोलिसांनी सांगितले. पण तो हा खेळ कशासाठी खेळतो? बऱ्याच ठिकाणी खेपेला डिझेल मोजून मिळते. कमी पडले तर पगारातून कापले जाते, उरले तर चार पैसे हाती राहतात. हा हिशेब चालकाने घातलेला नाही.

कायदा मालकाला सोडतो असेही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे सदोष गाडी चालवणारा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही. दोष माहीत होता हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरते. शिक्षा काय? पंधराशे रुपये दंड. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. चालकाला मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांपर्यंत कैद. पूर्वी ती दोन वर्षांपर्यंत होती. मृताच्या घरच्यांची भरपाई बहुधा विमा कंपनी देते. मग मालकाने लाइनरवर खर्च करावाच कशाला?

याच कायद्यातले कलम ११३ पाहा. गाडीत जादा माल असला तर तो मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. जो न्याय वजनाला, तो ब्रेकला का नाही?

जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला तेव्हा आपण पेट्रोलपंपावर रांगा लावून त्यांनाच बोल लावले. शेजारच्या शाजापुरात तर खुद्द जिल्हाधिकाऱ्यांनी भर बैठकीत एका चालकाची ‘औकात’ काढली. त्यांना पदावरून हटवले गेले. चालकाच्या गाडीकडे पाहायला पुढेही कोणी आले नाही.

पासिंगबद्दल काय बोलावे! आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी, त्यापुढच्या गाडीला दर वर्षी. मधल्या काळात गाडी मालकाच्या मर्जीवर, आणि पासिंगपुरते चांगले टायर चढवणारे महाभागही आहेत.

माझे म्हणणे एवढेच : प्रत्येक ट्रान्सपोर्ट कंपनीत दोष-नोंदवही सक्तीची असावी. चालकाने दोष लिहावा, मुनिमाने सही करावी, एक प्रत चालकाजवळ राहावी. दुरुस्तीशिवाय गाडी सोडली तर पहिला आरोपी मालक. आणि अशी गाडी नाकारणाऱ्याची नोकरी जाता कामा नये. मोटार वाहने हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे भोपाळला हात झटकता येणार नाहीत.

आपल्यापैकी कित्येकांचे कारखाने पिथमपूरला, सांवेर रोडवर आहेत. सर्वांत कमी भाड्याची गाडी आणि ‘सकाळपर्यंत माल पोहोचलाच पाहिजे’ ही आपलीच फर्माइश असते. बिल्टी फाडताना गाडीच्या पासिंगचा कागद मागायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. आणि निवडणूक आली की आपल्या सभागृहात येऊन मराठीत दोन वाक्ये बोलणारे उमेदवार पुन्हा येतीलच. तेव्हा संस्थेने हे निवेदन त्यांच्या हाती द्यावे. मसुदा करायला आपल्यात वकिलांची काही वाण नाही.