विश्लेषण : जुन्या ‘मसल कार’ची हौस धूरतपासणीत का अडकली? काय होता कॅलिफोर्नियातील ‘लेनोज लॉ’?

जुनी मोटार विकत घ्यायची, ती गॅरेजमध्ये सुटी करायची आणि पाच-सात वर्षे शनिवार-रविवार खर्ची घालून पुन्हा रस्त्यावर आणायची, हा अमेरिकेतील मध्यमवर्गीयांचा जुना छंद आहे. या छंदातील सर्वात लाडकी मोटार म्हणजे १९६० च्या दशकातील ‘मसल कार’. कॅलिफोर्नियात ३५ वर्षे वा त्याहून जुन्या मोटारींना धूरतपासणीतून सूट देऊ पाहणारे ‘एसबी ७१२’ हे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये समितीतच थांबले आणि हा छंद पुन्हा चर्चेत आला. गंमत अशी की, ज्या मसल कारची छायाचित्रे या बातम्यांसोबत झळकली, त्यांतील बहुतेकांना या विधेयकाची गरजच नव्हती. मग अडचण नेमकी कोणाची?

मसल कार म्हणजे नेमके काय?

सोपी व्याख्या अशी : मध्यम आकाराची, दोन दारांची, साधी मोटार आणि तिच्यात मोठ्या मोटारीचे आठ सिलिंडरचे ‘व्ही-८’ इंजिन. याची सुरुवात १९६४ च्या पाँटिअ‍ॅक ‘जीटीओ’पासून झाल्याचे मानले जाते. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या मोटारींतील इंजिनावर ३३० घनइंचांची मर्यादा घातली होती. पाँटिअ‍ॅकच्या अभियंत्यांनी पळवाट शोधली. ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यांनी ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या मोटारीवर जादा पैशांत मिळणारा पर्याय म्हणून दिले. पहिल्याच वर्षी अशा सुमारे ३२ हजार मोटारी विकल्या गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची ‘मस्टँग’ २,३६८ डॉलर या मूळ किमतीत बाजारात आली. जाणकार तिला ‘पोनी कार’ म्हणतात, पण हौशी मंडळी हा भेद फारसा पाळत नाहीत.

या मोटारी तरुणांसाठी आणि परवडणाऱ्या होत्या, हा मुद्दा पुढील वादासाठी महत्त्वाचा. १९७० मधील ‘शेव्हेल एसएस ४५४’ची कागदावरील ताकद ४५० अश्वशक्तीपर्यंत गेली आणि त्यानंतर उतरण सुरू झाली. १९७० चा स्वच्छ हवा कायदा, विम्याचे चढे हप्ते, १९७३ चे तेलसंकट यांनी या मोटारींचा काळ संपवला. त्यात १९७२ पासून अश्वशक्ती मोजण्याची पद्धतही बदलली. पूर्वी एअर फिल्टर, अल्टरनेटर, सायलेन्सर न लावता उघडे इंजिन मोजले जाई. नंतर ते सर्व जोडून मोजले जाऊ लागले. त्यामुळे जुन्या जाहिरातींतील आकडे थोडे हातचे राखूनच वाचावेत.

‘जशीच्या तशी’ की सुधारित?

या छंदात दोन पंथ आहेत. एक पंथ मोटार कारखान्यातून निघाली तशीच करू पाहतो. इंजिनावर ठोकलेला क्रमांक मोटारीच्या ओळखक्रमांकाशी जुळला पाहिजे, रंग मूळ नोंदीतला पाहिजे, नटबोल्टवरील खुणाही त्याच पाहिजेत. येथे कागदपत्रांना सोन्याचे मोल आहे, कारण नकला सहज होतात. पहिल्या दोन वर्षांत ‘जीटीओ’ हा केवळ पर्याय असल्याने साध्या ल मान्सला बिल्ले व इंजिन लावून ‘जीटीओ’ बनवणे फारसे कठीण नाही. म्हणूनच फोर्डच्या जुन्या मोटारींसाठी कंपनीच्या उत्पादन नोंदींवरून तयार होणारा ‘मार्टी रिपोर्ट’ मागवल्याशिवाय जाणता ग्राहक पैसे मोजत नाही.

दुसरा पंथ ‘रेस्टोमॉड’वाल्यांचा. बाहेरून १९६८ ची मोटार, आत आधुनिक इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग आणि वातानुकूलन. पहिल्या पंथाला हा भ्रष्टाचार वाटतो. मात्र, रोज चालवायची असेल तर दुसऱ्या पंथाचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

एक तिसरा मार्गही आहे : काहीच न करणे. ‘बुलिट’ (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्क्वीनने चालवलेली मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६ हजार डॉलरला घेतली होती. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात ती शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. तिला नवा रंग दिलेला नव्हता. खरचटलेला, विटलेला पत्रा तसाच ठेवला होता. अर्थात हे भाग्य चित्रपटात झळकलेल्या मोटारीचे. सामान्य मोटारीच्या पुनर्बांधणीवर होणारा खर्च तिच्या बाजारभावापेक्षा अनेकदा जास्तच भरतो आणि हौशी मंडळींना ते ठाऊक असते.

एक बदलले की पाच का बदलावे लागतात?

खरा शत्रू इंजिन नव्हे, गंज. काचेखालचा भाग, तळाचा पत्रा, मागच्या चाकांवरील पत्रा या ठिकाणी पाणी साचते. वरून चकचकीत रंग आणि आत पुटीचा थर अशी मोटार घेतली की, निम्मे पैसे डेंटिंगमध्येच जातात. आज मस्टँग, कॅमारो यांचे जवळपास सर्व पत्रे नव्याने मिळतात. त्यांतील बरेचसे तैवानमध्ये तयार होतात. त्यामुळे २०२५ मध्ये अमेरिकेने सुट्या भागांसह अनेक वस्तूंवर आयातशुल्क वाढवले, तेव्हा या छंदालाही त्याची झळ बसणे अटळ होते.

इंजिनाचा निर्णय त्यानंतर. १९९७ मध्ये ‘कॉर्व्हेट’सोबत आलेले जनरल मोटर्सचे ‘एलएस-१’ हे ५.७ लिटरचे अ‍ॅल्युमिनियम इंजिन ३४५ अश्वशक्ती देई, तेही नव्या, कडक मोजमापाने. त्याच घराण्यातील लोखंडी ब्लॉकची इंजिने कंपनीच्या पिकअप ट्रकमध्ये वर्षानुवर्षे बसवली गेली. ती भंगारवाड्यांत सहज मिळतात. म्हणून आज ‘एलएस’ बसवणे हा या छंदातील सर्वात मळलेला रस्ता आहे; इतका की काही जण आता त्याला कंटाळले आहेत.

पण इंजिन बदलून काम संपत नाही. ताकद वाढली की जुना क्लच घसरतो. क्लच मजबूत केला की भार गिअरबॉक्सवर येतो. म्हणून जुन्या चार गिअरच्या जागी पाच वा सहा गिअरचा बॉक्स येतो. तो लांबरुंद असल्याने मोटारीच्या तळात कापाकापी करावी लागते आणि प्रोपेलर शाफ्टही नव्या मापाचा लागतो. पुढे डिफरन्शियल आणि ॲक्सल. मस्टँगसारख्या, स्वतंत्र चॅसी नसलेल्या मोटारीचा सांगाडाच पिळवटू लागतो. त्यासाठी पुढच्या-मागच्या भागांना जोडणाऱ्या पट्ट्या वेल्डिंग करून बसवतात. मुळात अनेक मोटारींच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. उतारावर दोन-तीनदा दाबले की ते तापून निकामी होऊ लागतात. शहाणा मेकॅनिक म्हणूनच उलट क्रमाने काम करतो : आधी ब्रेक, मग सस्पेन्शन आणि टायर, इंजिन शेवटी. हौशी माणूस बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो.

मूळ इंजिन ठेवणाऱ्यांचीही सुटका नाही. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनवलेली होती. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीची झीज रोखत असे. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी ते १९९६ मध्ये पूर्ण बंद झाले. आता दुरुस्तीवेळी कठीण धातूच्या बैठका बसवतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, त्याही बदलाव्या लागतात.

१९७५ आणि १९७६ मध्ये काय फरक?

आता मूळ वादाकडे. कॅलिफोर्नियात पेट्रोल मोटारीला साधारणपणे दर दोन वर्षांनी धूरतपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडील ‘पीयूसी’पेक्षा ती बरीच कडक. प्रदूषण जास्त असलेल्या भागांत १९७६ ते १९९९ या काळातील मोटारी रोलरवर चालवून धूर मोजतात. कारखान्यातून आलेला प्रत्येक प्रदूषणरोधक भाग जागेवर आहे का, हेही डोळ्यांनी तपासतात. १९७५ किंवा त्याआधीच्या मोटारींना मात्र पूर्ण सूट आहे.

ही रेषा मुळात स्थिर राहणार नव्हती. १९९७ च्या कायद्याने ३० वर्षे पूर्ण झालेल्या मोटारींना आपोआप सूट मिळण्याची सोय केली होती. २००४ मध्ये विधिमंडळाने ती रद्द करून १९७५ वर रेघ मारली आणि ती आजही तिथेच आहे. म्हणजे १९६९ ची कॅमारो कितीही धूर सोडो, तिला विचारणारा कोणी नाही. १९८६ ची कॅमारो तपासणीत नापास झाली तर तिची नोंदणी अडते.

त्यातच बाजार बदलला. साठच्या दशकातील चांगली मसल कार सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली. कमी पैशांत छंद सुरू करू पाहणारा तरुण १९७९ ते १९९३ मधील ‘फॉक्स बॉडी’ मस्टँग, १९८२ ते १९९२ मधील कॅमारो किंवा टर्बो इंजिनाची ‘ब्युइक ग्रँड नॅशनल’ शोधतो. या मोटारींत संगणकीय नियंत्रणाची पहिली, कच्ची पिढी आहे. त्यांचे कित्येक सेन्सर, निर्वात नळ्या, झडपा कंपन्यांनी बनवणे कधीच थांबवले. भाग मिळत नाही आणि भागाविना मोटार पास होत नाही, हा पेच खरा आहे.

‘लेनोज लॉ’ने काय साधले असते?

रिपब्लिकन सिनेटर शॅनन ग्रोव्ह यांनी मांडलेल्या या विधेयकाला विनोदवीर आणि मोटार संग्राहक जे लेनो यांचे नाव चिकटले. एप्रिल २०२५ मध्ये ते स्वतः सिनेटच्या समितीपुढे बाजू मांडायला गेले. ३५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि संग्राह्य वाहनाचा विमा असलेल्या मोटारीला सूट, असा त्याचा गाभा. संग्राह्य वाहनाचा विमा घेणारा ती मोटार रोज कामावर नेत नाही, हा त्यामागील तर्क. सिनेटने विधेयक मंजूर केले. कनिष्ठ सभागृहाच्या विनियोजन समितीत मात्र ते अडले. खर्चाचा भार असलेली विधेयके तेथे बाजूला काढून ठेवतात आणि त्यांचा निकाल फारशा चर्चेविना एकाच बैठकीत लावतात.

अशा मोटारींना आजही थोडी सवलत आहे, ही बाब प्रचारात मागे पडली. ३५ वर्षांहून जुन्या, संग्राह्य विमा असलेल्या मोटारीला सरकारी ‘रेफ्री’ केंद्रात नेले तर प्रदूषणरोधक भागांची डोळ्यांनी होणारी तपासणी माफ होऊ शकते. धूर मात्र मर्यादेत असावा लागतो. इंधनाच्या टाकीचे झाकण आणि गळतीही पाहतात. म्हणजे भाग मिळत नाही या तक्रारीवर कायद्याने अर्धे उत्तर आधीच दिले आहे.

विरोधकांचे म्हणणे काय?

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेली एक जुनी मोटार कित्येक नव्या मोटारींइतके प्रदूषण करते आणि लॉस एंजेलिस खोऱ्याला धुरक्याचा इतिहास आहे. शिवाय सूट दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकली असती. विरोधकांच्या बाजूने सर्वात बोलका दाखला शेजारच्या नेवाडाचा. तेथे कमी चालणाऱ्या ‘क्लासिक’ मोटारींना खास नंबरप्लेट आणि धूरतपासणीतून सूट दिली गेली. झाले असे की, संग्राहकांबरोबर तपासणीत नापास होणाऱ्या खटारा मोटारींचे मालकही त्याच रांगेत उभे राहिले. अखेर २०२१ मध्ये कायदा बदलून क्लासिक वाहनाचा विमा सक्तीचा करावा लागला. ‘लेनोज लॉ’मधील विम्याची अट हीच पळवाट बुजवणारी होती. त्यामुळे हा दाखला विरोधकांना वाटतो तितका एकतर्फी नाही.

मग हौशींपुढे पर्याय कोणते?

इंजिन बदलण्यास कॅलिफोर्नियात बंदी नाही. नवे इंजिन मोटारीच्याच वर्षाचे किंवा त्यानंतरचे हवे आणि ज्या वाहनातून ते आले त्याची संपूर्ण प्रदूषणरोधक यंत्रणा सोबत यायला हवी. ‘रेफ्री’ तपासून मान्यतेची चिठ्ठी लावतो. जनरल मोटर्सने यासाठी कन्व्हर्टर, सेन्सरसह ‘ई-रॉड’ नावाचे संच विकले. त्यांतील ‘एलएस-३’ ४३० अश्वशक्तीचे. १९८६ ची कॅमारो अशा रीतीने मूळपेक्षा कितीतरी शक्तिशाली आणि स्वच्छही होऊ शकते. फक्त पैसे लागतात, आणि मुद्दा तोच होता. विद्युत मोटार बसवण्याचा मार्गही आहे. फोर्डने २०२१ मध्ये ‘एल्युमिनेटर’ ही २८१ अश्वशक्तीची विद्युत मोटर ३,९०० डॉलरला विकायला काढली. त्या किमतीत बॅटरी आणि नियंत्रक नव्हते. व्ही-८ चा आवाज हाच ज्यांचा छंद आहे, त्यांना हा उपाय सुचवून पाहण्यात अर्थ नाही.

भारतात असे करता येते का?

फारसे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांत बदल करता येत नाही. अपवाद इंधन बदलण्यासारख्या मोजक्या बाबींचा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद आली. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली : पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने वाहन, ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट, २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा, ही त्यातील अट. त्यामुळे कॅलिफोर्नियात कागदपत्रे पूर्ण करून जे इंजिन बसवता येते, ते मुंबई-पुण्यातील एखाद्या जुन्या मोटारीत बसवले तर तिला ‘व्हीए’ नोंदणी मिळणार नाही.